पहिल्या घरचं नाव

नागपुरात खोली भाड्याने घ्यायला गेले, तेव्हा भाडं किती आणि नळ किती वेळ येतो हे विचारायच्या आधी मला माझ्या आईच्या आईचं गाव सांगावं लागलं. घरमालकीणबाई फाटकाच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना वळसा घालून आत जायला जागा नव्हती, आणि उठायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

"कोण्या गावची व्हय तू?"

मी म्हटलं, सांगलीची.

"ते बापाचं झालं. मायचं माहेर कोणतं?"

तेही सांगितलं. मग त्यांनी आईच्या आईचं माहेर विचारलं. ते मला माहीत नव्हतं. त्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की मी चपला चोरताना सापडले असते तरी इतकी ओशाळले नसते. "आपली माय कोणाच्या पोटची ते माहीत नाही, आन् कम्प्युटरवर काम करतो म्हणते," त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. मी तिथेच उभ्या उभ्या सांगलीला फोन लावला, आईला विचारलं, गाव सांगितलं, तेव्हा कुठे खुर्ची हातभर सरकली. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा माझी एवढी कसून चौकशी झाली नव्हती.

त्या तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या. नंदनवन वस्तीत त्यांचं स्वतःचं घर, खाली त्या एकट्या, वर आम्ही भाडेकरू. यजमान सरकारी कचेरीत कारकून होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. बैठकीच्या खोलीत त्यांचा हार घातलेला फोटो होता. एकुलता एक मुलगा बँकेत अधिकारी, बायको-मुलीसह वर्धा रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहायचा आणि रविवारी यायचा. सगळे भाडेकरू त्यांना आजी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. का लिहीत नाही, ते पुढे कळेल.

आजींना माणसाची ओळख करून घेतल्याशिवाय चैन पडत नसे, आणि स्वतःची करून दिल्याशिवायही. गॅसच्या टाकीवाल्याला पावती फाडायच्या आधी आपलं गाव सांगावं लागे. कर्ज हवंय का म्हणून विचारणारा रेकॉर्ड केलेला आवाज फोनवर आला, की आजी खुर्चीत सावरून बसत आणि विचारत, "तू कोण्या गावची वं?" पलीकडची थांबायची नाही. आजी तिचं सगळं ऐकून घेत, मग आपलं सांगत आणि फोन ठेवून मला म्हणत, "मले बोलूच देत नाही. आपलंच सांगून राहिली." यावर मी हसले, तर म्हणाल्या, "हसतेस काय? आपलं आपणच सांगा लागते. लोकं सांगतात त वाढवून सांगतात."

इतकं सांगणारी बाई काही लपवून ठेवत असेल, असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

माझी नोकरी धंतोलीत होती. तिथे गल्लोगल्ली दवाखाने, आणि प्रत्येक डॉक्टरला हल्ली स्वतःची वेबसाइट हवी असते. आमचं छोटंसं ऑफिस त्या करून द्यायचं. त्यातलं ‘डॉक्टरांविषयी’ हे पान लिहायचं काम माझ्याकडे. दोन वर्षांत मी एवढे डॉक्टर लिहिले, की मला त्यांच्यात फरकच करता येईना. सगळ्यांचा जन्म सामान्य शेतकरी कुटुंबात. सगळ्यांना लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ. एकाच्या वडिलांच्या कापसाच्या दोन जिनिंग मिल होत्या, तोही सामान्य शेतकरी कुटुंबातलाच. मी लिहून द्यायचे आणि संध्याकाळी विसरायचे.

असंच एका हाडांच्या डॉक्टरकडे मजकूर मंजूर करून घ्यायला गेले होते. बाहेर बाकांवर गर्दी होती. कुणी पुसदचं, कुणी वणीचं, कुणी गडचिरोलीकडचं, कुणाच्या पायाला प्लॅस्टर, कुणाचा हात गळ्यात. त्या गर्दीत मधोमध आजी बसल्या होत्या. हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. मी घाबरलेच. सकाळी तर धडधाकट होत्या, कूलरमध्ये बादल्या भरभरून पाणी ओतत होत्या. मी धावत जवळ गेले. "आजी, काय झालं? पडलात का?"

"पडली नाही. बसली हावो," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू जाय आपल्या कामाले." आणि शेजारच्या बाईकडे वळून पुन्हा सुरू झाल्या, "हां, तं उमरखेडच्या अलीकडं का पलीकडं?"

काउंटरवरच्या मुलीने मला हळूच सांगितलं, की या आजी आठवड्याला येतात. इथेच नाही, गल्लीतल्या चार-पाच दवाखान्यांत जाऊन बसतात. नंबर लावत नाहीत, डॉक्टरांना भेटत नाहीत. पेशंटांशी बोलतात आणि जातात. मी पुन्हा आजींकडे पाहिलं. त्यांनी एक्स-रेच्या पाकिटात हात घातला होता आणि त्यातून मुरमुऱ्याचा चिवडा काढून उमरखेडच्या बाईला देत होत्या. आजारी नसताना दवाखान्यात जाऊन बसणारं माणूस मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी विषय काढला. त्यांनी माझं ऐकूनच घेतलं नाही. उलट मलाच विचारलं, "तू तिथं काय कराले आली होती?" मी लॅपटॉप उघडून त्या डॉक्टरचं पान दाखवलं. आजींनी चष्मा लावून ते ओळीला बोट लावत वाचलं.

"ह्यानं आपल्या मायचं नाव काहून नाही टाकलं?"

"असं टाकत नाहीत, आजी."

"बरं. हे कोणालेही दिसते?"

"कुणालाही. जगात कुठूनही."

"अमेरिकेचं जाऊ दे. यवतमाळात दिसन काय? खेड्यात?"

मी म्हटलं, दिसेल की, फोन असला म्हणजे झालं. आजी चष्मा काढून म्हणाल्या, "मले बी एक पान करून दे."

मला गंमत वाटली. त्याच आठवड्यात मी हौसेने मजकूर लिहिला आणि त्यांना वाचून दाखवला. सामान्य शेतकरी कुटुंबात जन्म, कष्टाळू गृहिणी, प्रेमळ माता, आदर्श आजी. त्यांनी हनुवटीला हात लावून सगळं ऐकलं आणि विचारलं, "हे कोण व्हय?"

"तुम्हीच."

"मी नाही व्हय. एवढी चांगली असती त मले पान कराचं कामच नसतं." खुर्ची माझ्याकडे ओढून त्या म्हणाल्या, "म्या सांगतो तसं लिही. मधात बोलू नोको." आणि त्यांनी एक नाव सांगितलं. ते त्यांचं नव्हतं. म्हणजे लाइट बिलावर होतं ते नव्हतं, मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेवर छापलेलंही नव्हतं. मला वाटलं, माहेरचं असेल. आपल्याकडे लग्नात ताटलीत तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, आणि बाई जन्मभर त्या नावाला ओ देते. त्यात नवल काही नाही.

"माहेरचं नाव का?" मी विचारलं.

"नाही वं. पहिल्या घरचं."

"पहिलं घर म्हणजे माहेरच ना?"

"पहिला नवरा," आजी म्हणाल्या. "हे फोटोतले दुसरे."

माझी बोटं कळांवरच थांबली. नकळत मी भिंतीवरच्या हाराकडे पाहिलं. एकच नवरा, एकच मुलगा, रविवारी पुरणपोळी, असलं ते घर. त्या घरात ही बाई मटार सोलता सोलता सांगत होती, की तिला तीन नावं आहेत: एक जन्माचं, एक पहिल्या तांदळातलं, एक दुसऱ्या तांदळातलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि मी लिहीत गेले. मधे एकदा मी ते नीट पुस्तकी भाषेत बसवायला बघितलं, तर वाचून घेऊन म्हणाल्या, "ही सांगलीची बाई कोण घुसली मधात?" शेवटी जसं बोलल्या तसंच ठेवलं. नावं गाळून ते पान असं होतं:

‘मी अमुक. हे पहिल्या घरचं नाव हाय. पहिला नवरा शेती करे. मारत नव्हता, पेत नव्हता. मलेच तिथं राहावं वाटे ना. दिवाळीले माहेरी आलो ते वापस गेलो नाही. पंच बसले, काडीमोड झाली. पोरगी अडीच वर्षांची होती. पंच म्हणाले पोरगी बापाची, अन् तू या गावाची पायरी चढू नोको. मी हो म्हटलं. कोणी जबरदस्ती केली नाही. मंग माह्या बापानं पाट लावून देल्ला, तवापासून नागपुरात. दुसरे यजमान कचेरीत होते, वारले. मुलगा अमुक, बँकेत साहेब हाय. त्याले हे माहीत नाही, आता होईन. नात उंच हाय, लग्नाची हाय. पोरीचं नाव अमुक. तिनं वाचलं त यावं. नाही आली तरी राग नाही.’ खाली घराचा पत्ता.

एवढा उघडा खरेपणा मी कागदावर कधी उतरवला नव्हता. त्यातलं ते ‘मी हो म्हटलं’ मला काही केल्या पुढे जाऊ देईना. मी म्हटलं, "आजी, पंचांनी मुलगी काढून घेतली असं लिहू या ना. खरंच आहे ते."

"अर्धं खरं हाय," त्या म्हणाल्या. "म्या रडली असती त त्यायनं देल्ली असती. मी रडली नाही. मले वाटलं, पोरगी घेऊन गेलो त दुसरं घर भेटणार नाही. तिनं इथं येऊन विचारलं, त मंग काय सांगू? लिहेल हाय तसंच राहू दे."

आता मला दवाखान्यांचा उलगडा झाला. पहिला नवरा जमीन विकून त्या गावातून निघून गेला होता, यवतमाळकडे कुठे तरी गेला एवढंच माहीत. आजींनी दिलेला शब्द पाळला, त्या गावाची पायरी चढल्या नाहीत. पण विदर्भातलं आजारी माणूस आज ना उद्या धंतोलीत येतं, हे त्यांनी ओळखलं होतं. संत्र्यांच्या दिवसांत त्या कळमन्याच्या बाजारात जायच्या, तेही संत्र्यांसाठी नव्हतं. गाड्यांवरच्या शेतकऱ्यांना गावं विचारत फिरायच्या. यजमान होते तोवर गुपचूप, ते गेल्यावर उघड. गॅसवाल्यापासून माझ्यापर्यंत प्रत्येकाला गाव विचारायची ती सवय म्हणजे शोध होता, आणि आम्ही सगळे तिला म्हातारीची खोड समजत होतो.

मी एकच अट घातली: पान टाकायच्या आधी मुलाला सांगा. "सांगतो," त्या म्हणाल्या. दोन रविवार गेले. मी विचारलं, सांगितलंत का? "सांगतलं समज. टाक तू." मी ते खरं मानलं आणि पान टाकलं.

त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

त्याच सुमारास नातीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा नागपूरचाच, इंजिनिअर, हिंगण्याला कंपनीत. पसंती झाली होती, साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख बघायची तेवढी राहिली होती. पूर्वी स्थळाची चौकशी करायला कुणी तरी काका गावात जाऊन पारावर बसायचे. आता तेवढा त्रास कुणी घेत नाही. मुलाच्या मेहुण्याने मुलीच्या वडिलांचं नाव फोनमध्ये टाकलं. आजींनी पानावर आपल्या मुलाचं नाव, हुद्दा, सगळं पद्धतशीर सांगितलेलं होतं. त्यामुळे पहिल्याच ओळीत आजी आल्या.

रविवार नव्हता तरी आजींचा मुलगा आला. मी खालीच होते, आजींच्या औषधाच्या डबीचं झाकण उघडून देत होते. तो दारातच उभा राहिला. चेहरा पांढराफटक. हातात फोन.

"आई, हे काय करून राहिली तू?"

"काय केलं म्या?"

"मला हे लोकांनी फोन करून सांगावं? मी पन्नास वर्षांचा झालो. मुलाचा बाप मला विचारते, साहेब, तुमची बहीण कुठं असते? मी म्हटलं, मला बहीण नाही." तो खाली बसला, आणि बापाच्या फोटोकडे बघत एकदम लहान आवाजात म्हणाला, "बाबांना माहीत होतं?"

"त्यायले माहीत होतं. तेच म्हणाले होते, पोराले नोको सांगू."

मागून नात आली होती, स्कूटर लावून. तिने बापाच्या हातातून फोन घेतला, उभ्यानेच सगळं वाचलं आणि मग विचारलं, "आजी, म्हणजे मला आत्या आहे?" त्या घरात कुणाला हा प्रश्न सुचला नव्हता. आजी तिच्याकडे बघत राहिल्या. मुलगा मात्र माझ्याकडे वळला. "मॅडम, ते पान आत्ताच्या आत्ता बंद करा."

"तिले नोको बोलू. पान माह्यं व्हय," आजी म्हणाल्या.

दोन दिवसांनी, आजींचा मुलगा आणि नात घरी असताना, मुलाकडची मंडळी आली. आईवडील आणि मुलाची आत्या. मला आजींनी मुद्दाम थांबवून घेतलं होतं, "मशीनचं काही विचारलं त तू सांग," म्हणून. आजींनी नेहमीप्रमाणे तिघांना आधी गावं विचारली. आत्याची जाऊबाई यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसकडची निघाली, तर चहा बाजूला ठेवून पाच मिनिटं तिचीच चौकशी. मुलाचे वडील सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "आजी, जुन्या काळात असं होत होतं. आमचं काही म्हणणं नाही. फक्त ते पान काढून टाका. लग्नात चार लोकं येतात, फोनवर वाचतात."

आजींचा मुलगा लगेच म्हणाला, "काढतो, काढतो. आजच काढतो."

"तू कोण काढणारा?" आजी म्हणाल्या. मग पाहुण्यांकडे वळून, आवाज न चढवता, "भाऊ, काढाचंच हाय. पण तिनं वाचल्यावर काढतो."

"आणि तिने वाचलंच नाही तर?"

"त मंग राहीन."

नवऱ्या मुलाची आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "नातीपेक्षा जास्त झालं का तुम्हाला ते?" मला वाटलं, आता तरी आजी नमतील. त्यांनी नातीकडे पाहिलं. नात मान खाली घालून ओढणीचं टोक गुंडाळत होती. आजी म्हणाल्या, "हिचे मायबाप हायेत. हिले शंभर स्थळं येतीन. तिचं कोणी नव्हतं तवा म्या हो म्हटलं होतं. आता पुन्हा हो म्हणू काय?"

मंडळी उठली. जाताना वडील म्हणाले, "कळवतो." कळवतो म्हणजे काय, हे आपल्याकडे लहान पोरालाही समजतं.

ते स्थळ मोडलं. आजींच्या मुलाने घरी येणं बंद केलं. रविवारी खुर्ची फाटकात असायची आणि मोटार यायची नाही. नात एकदा आली. तिला मुलगा आवडला होता, आणि हे तिने लपवलं नाही. "आजी, माझ्या साक्षगंधानंतर टाकलं असतं तर काय झालं असतं?" ती रडत होती. "महिनाभराचा तर प्रश्न होता."

"मले महिना हाय का नाही, कोणाले माहीत," आजी म्हणाल्या. नात तशीच स्कूटर काढून निघून गेली. त्या दिवशी आजींनी जेवण केलं नाही. मी वरून वरणभात नेऊन दिला, तोही झाकलेलाच राहिला.

मी खरंच हादरले होते, आणि मला आजींचा रागही आला होता. एवढी खंबीर दिसणारी बाई, पण मला रोज विचारायची, "किती लोकायनं पाह्यलं वं?" मी बघायचे. बघणारे म्हणजे मीच, त्यांचा मुलगा आणि मोडलेल्या स्थळाचे नातेवाईक. मी म्हणायचे, "बघताहेत, आजी." हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं, की त्या पानापायी घरातली तीन माणसं गेली आणि ज्या एका माणसासाठी ते केलं त्याच्या गावात बहुधा रेंजसुद्धा येत नसेल.

पण बातमी पानावरून गेलीच नाही. ती माणसांवरून गेली. नवऱ्या मुलाच्या आत्याने घरी जाऊन जाऊबाईला सांगितलं, असं असं झालं, थोडक्यात वाचलो. जाऊबाईने माहेरी दिग्रसकडे फोन केला. तिथे एका हळदीकुंकवात ते पान तोंडी वाचून झालं, थोडं वाढवून. आणि त्या हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईचं नाव त्या पानावर होतं.

ती दुपारी आली. मी घरून काम करत होते. फाटकाचा आवाज झाला म्हणून गॅलरीतून वाकून बघितलं, तर एक पन्नाशी ओलांडलेली बाई, केस निम्मे पांढरे, हातात कापडी पिशवी, आजींच्या खुर्चीसमोर उभी. आजींनी अजून तिला गाव विचारलं नव्हतं. हेच इतकं विलक्षण होतं, की मी पायऱ्या उतरून खाली गेले.

"तुमच्या पानावर माह्यं नाव हाय म्हणतात," ती बाई म्हणाली. "ते काढा."

आजी उठल्या. मी त्या घरात राहिले तेवढ्या काळात पाहुण्यासाठी त्या उठलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या. खुर्ची बाजूला सरकवली. बाई आत आली नाही. फाटकातच उभी राहून, पाठ केल्यासारखं भराभर बोलत गेली.

"मी नऊ वर्षांची होतो तवा बाबानं सांगतलं, तुही माय तापानं गेली. सावत्र भाऊ तिचं काही करत नाहीत. म्हणून लग्न झाल्यापासून म्याच करतो. दरवर्षी पितृपक्षात नवमीले सवाष्ण जेवू घालतो, पान वाढतो. आता सुना आल्या, त्याच रांधतात. सासूबाईच्या माईचं म्हणून सोवळ्यात रांधतात. त्यायले काय सांगू आता? मेली नाही म्हणू? नागपुरात खुर्ची टाकून बसली हाय म्हणू? सारं गाव हसून राहिलं. काढा ते."

समोर आजी जितीजागती उभ्या होत्या, कानात कुड्या, हातात बांगड्या नव्हत्या एवढंच. आणि त्यांचं श्राद्ध वर्षानुवर्षं बिनचूक होत होतं. तेही त्यांच्या पोटच्या मुलीच्या हातून.

आजींनी माझ्याकडे बघितलं. "आण वं तुहा कम्प्युटर. काढून टाक."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मुलासाठी काढलं नाही, नातीच्या लग्नासाठी काढलं नाही. "काढू? सगळं?"

"सगळं. तिले समजलं ना? मंग त्याचं काय काम आता?"

मी लॅपटॉप आणला आणि पायरीवर बसून त्या दोघींच्या देखत ते पान पुसलं. बाईला पडदा दाखवला. तिने नीट बघितलं, मान हलवली. तिचं काम झालं होतं. आता ती जाईल असं मला वाटलं, आणि आजी तिला अडवणार नाहीत हेही मला कळत होतं. बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पण पाऊल उचललं नाही.

जिने रेकॉर्ड केलेल्या आवाजाशी गप्पा मारल्या, तिला आपल्या मुलीशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, आजी, माफी मागा. एवढं तरी म्हणा, की शोधत होते. शेवटी आजींनी घसा साफ केला.

"पानात काय काय वाढतं वं?"

बाई दचकली. पण रोजच्या स्वयंपाकाचं कुणी विचारावं तसं तिने सवयीने सांगितलं, "कढी, वडे, खीर, कोहळ्याची भाजी. अन् गवारीच्या शेंगा."

"गवार मले चालत नाही," आजी म्हणाल्या. "पयलेपासून. खाल्ली का पोट दुखते."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पन्नास-पंचावन्न वर्षांनी समोर आलेल्या लेकीला सांगायला आजींकडे हे होतं. बाईचा चेहरा ताठ झाला. ती एकटक आजींकडे बघत राहिली. मग ती फाटकाच्या उंबऱ्यावर तशीच बसली, पिशवी मांडीवर घेऊन. पदर तोंडावर धरला. खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, हे मला आजही सांगता येणार नाही. आजी हळूहळू तिच्याशेजारी खाली बसल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांना ते सोपं नव्हतं. त्यांनी तिला हात लावला नाही. नुसत्या शेजारी बसल्या.

बाईने पदराने डोळे पुसले आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "एवढे वर्षं गवारच वाढली म्या."

आजींनी गुडघ्यावरची साडी सारखी केली.

"मंग," ती म्हणाली, "तुले काय आवडते?"